घुबडाने ऐकलेलं नाव

ह्या लिखाणात कुणाचंही नाव यायचं नाही. थोरला नातू म्हणतो, आजी, नावं नाहीत तर वाचणाऱ्याला कळणार कसं? कळेल. माणसं ओळखायला नावच लागतं असं नाही. आणि नाव मोठ्याने घेतलं की काय होतं ते त्याला ठाऊक नाही. मला आहे. निदान पंधरा-सोळाव्या वर्षी मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि पुढचं सगळं आयुष्य ते खोटं आहे असं स्वतःला बजावण्यात गेलं. अजून पुरतं पटलेलं नाही.

तेव्हा मी कल्याणला नवी सून होते. माहेर ठाण्याचं, कोपरीकडचं, मिठागरांना लागून. सासरी भाताचा व्यापार. घर लहान आणि मागचं कोठार मोठं. त्यात भाताच्या कणग्या ओळीने उभ्या, माणूस आत उतरला तर दिसू नये एवढ्या उंच. घरात मामंजी, सासूबाई, आमचे हे आणि ह्यांची धाकटी बहीण. ही नणंद पुढचे दात पडलेली, परकर सावरत दिवसभर माझ्या मागे मागे फिरणारी. मला बरं वाटायचं. सबंध घरात माझ्यापेक्षा लहान अशी ती एकटीच होती.

मी स्वतःला फार शहाणी समजत असे. वाचता येत होतं, आणि माहेरी असताना मी एका बगळ्याचा मोडका पाय बांधला होता. ही गोष्ट मी सासरी आल्या आल्या नणंदेला सांगितली. बगळा मेला, हे सांगायचं राहिलं.

भाताची मळणी होऊन कोठार भरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी मागच्या बाजूला कावळ्यांनी एवढा कल्लोळ केला की मी हातातलं शेण टाकून धावले. पेंढ्याच्या उडवीखाली एक घुबड पाठीवर पडलं होतं, नखं वर करून. कावळे वरून येत, टोचत आणि बाजूला होत. मी खराटा फिरवून त्यांना उडवलं. घुबड उठायला गेलं आणि एका बाजूला कलंडलं. उजवा पंख लोंबत होता, रक्त सुकून पिसं चिकटली होती.

घुबड म्हटलं की लोकांना पिवळे डोळे आठवतात. ह्याचे काळे होते, काळेभोर आणि ओले. चेहरा पांढरा, सपाट, तांदळाच्या पिठाचा मुखवटा बसवावा तसा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवली, नको नको म्हणावं तशी. शहाण्या मुलीने तेव्हाच ऐकलं असतं. मी पदरात गुंडाळलं त्याला. हाताला काही वजनच लागेना.

आता सासूबाईंचं घुबडाबद्दलचं शास्त्र सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. घुबडाला दगड मारायचा नाही. ते दगड उचलून नेतं, पाण्याकाठी घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. घुबडाला जिवे मारायचं तर मुळीच नाही. आणि त्याच्यासमोर कुणाचं नाव घ्यायचं नाही. ते नाव ऐकतं, पाठ करतं आणि छपरावर बसून परत परत म्हणतं. ज्याचं नाव, तो अंथरूण धरतो. हे आमच्या आळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. घुबड बोललं की आया मुलांना हाका मारायच्या थांबत, उठून हाताला धरून आत आणत.

माझा हिशेब सोपा होता. दगड मी मारणार नव्हते. राहिलं नाव. तर त्या काळच्या सुनेला नावं न घेण्याचा सरावच असायचा. नवऱ्याचं घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, सासूचं तर स्वप्नातही नाही. घरात एकच नाव माझ्या तोंडी होतं, नणंदेचं. तेवढं सांभाळलं की झालं, असं मी ठरवलं आणि माझ्याच हुशारीवर खूश झाले.

कोठारात अगदी मागे एक फुटकी कणगी होती, रिकामी, वरून मोडून माझ्या कमरेएवढी उरलेली. तिच्यात पेंढा घालून मी घुबड ठेवलं. जखमेला हळद भरली, पंख मिटवून जुन्या लुगड्याच्या पट्टीने अंगाशी बांधला. घुबड ओरडलं नाही. फुसफुसलं. असं फुसफुसलं की मी दोन पावलं मागे सरले. सबंध कोठारात तो आवाज घुमला.

संध्याकाळी सासूबाईंनी तो ऐकला. दिवेलागणीला त्या भात काढायला आत गेल्या आणि सूप तिथेच टाकून बाहेर आल्या. मी अगदी गरीब चेहरा करून म्हटलं, सासूबाई, मागच्या कोपऱ्यात जनावर असेल. संध्याकाळची वेळ, सापाला साप म्हणायचं नव्हतंच. त्यांनी हात जोडले. कोठाराचा राखणदार आहे म्हणाल्या, त्या कोपऱ्याकडे कुणी जायचं नाही, आणि रोज सकाळी दुधाची वाटी ठेवायची. वाटी ठेवण्याचं काम सुनेचं. वाटी दुपारी रिकामी दिसली की सासूबाईंना समाधान वाटे. त्या थंडीत माझी तब्येत चांगली सुधारली.

घुबडाला मात्र दूध चालेना. उंदीर लागत. कोठारात पिंजरे लावलेले असत, ते गडी सकाळी खाडीवर नेऊन बुडवी. ते काम मी मागून घेतलं. सुनेला कामाची आवड आहे, असं सासूबाई शेजारी सांगून आल्या. पिंजरा बादलीत बुडवताना मी डोळे मिटून देवाचं नाव घेई. मग उंदीर शेपटीला धरून कणगीत सोडायचा. घुबड तो अख्खा गिळी आणि नंतर केसांची, हाडांची एक काळी चकचकीत गोळी ओकून टाकी. पहिली गोळी पाहिली तेव्हा त्याचं आतडं बाहेर आलं असं समजून मी रडले होते. बगळ्याचा पाय बांधलेली मी!

नणंदेपासून हे लपलं नाही. ती माझ्या मागे होतीच. एक दिवस वळून पाहते तर दारात उभी, तोंडावर हात. तिला मी नावाची अट सांगितली. ती तिला आधीच ठाऊक होती. तिने मान हलवली आणि कणगीपुढे इतक्या हळू बोलायला लागली की मलाच ऐकू येईना. घुबडाला आम्ही नाव ठेवलं नाही. कुणाचंच नाव नको होतं तिथे.

मग उंदीर सोपे झाले.

पिंजरा रिकामा, आणि त्याच्या बाजूला उंदीर मरून पडलेला. दुसऱ्या दिवशी जात्याजवळ एक. पुढे कणग्यांच्या मधल्या बोळात, तोंडातून थोडं रक्त आलेला. एक तर माझ्यासमोर दिवसाढवळ्या आला, दारुड्यासारखा झोकांड्या खात गोल फिरला आणि पडला. मी काय समजले असेन? बादलीत बुडवण्याचं पाप नको म्हणून देवानेच सोय केली असं समजले. समईत एक वात जास्त लावली. नणंद नि मी घर उठायच्या आत कोठारात जायचो आणि जे पडले असतील ते वेचायचो, पारिजातकाची फुलं वेचावीत तसे. कुणाच्या दृष्टीला पडेल असा एकही उंदीर उरू देत नव्हतो. कारण कुणी पाहिला असता तर बाकीच्यांचं काय करता म्हणून विचारलं असतं. आमच्या दोघींच्या घोट्यांना पिसवा चावून गांधी उठल्या होत्या. आम्ही बसून खाजवायचो आणि हसायचो.

त्या दिवसांत आळीत काहीतरी बिघडल्यासारखं झालं होतं. मांजरं सुस्त पडून राहत. पलीकडच्या घरातला चुलीचा धूर एक दिवस दिसला नाही, आणि ती माणसं रातोरात गावी गेली म्हणून कळलं, कुणालाही न सांगता. कोठारात एक गोडसर, कुजका वास येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, भात ओला राहिला असेल.

घुबडाचा पंख भरून येत होता. एका संध्याकाळी मी पट्टी सोडली. त्याने पंख पसरला, पुरता नाही, पण पसरला. मी बघत राहिले. तेवढ्यात मागे पोती घसरल्याचा आवाज झाला. नणंद भाताच्या पोत्यांवर चढून कणगीच्या काठावर पोटावर लवली होती, हात आत सोडून, त्याच्या डोक्याला बोट लावायला. घुबडाने नखं उचलली.

मी तिचं नाव घेऊन ओरडले. लाडाचं नाही. पाळण्यातलं, बारशाला ठेवलेलं, पुरतं.

नखं खाली गेली. घुबडाने मान वळवली, अंग जागच्या जागी ठेवून फक्त मान, आणि तो पांढरा चेहरा तिच्यासमोर आणून ठेवला. पापण्या हलल्या नाहीत. बराच वेळ ते तिच्याकडे पाहत होतं. मग काळ्या डोळ्यांवर सावकाश पापणी उतरली.

ती पोत्यांवरून खाली आली. रडली नाही. म्हणाली, "वहिनी, त्याने ऐकलं."

"नाही गं. त्याला कुठे आपली भाषा कळते?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या, आता सांगता येत नाही, पण मधे फार वेळ गेला नाही. थंडी वाजून दात वाजत होते, पडलेल्या दातांच्या फटींतून हुंकार येत होता. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी पाय चेपत बसले. तिचे डोळे उघडले की ती छपराकडे बघे, मग माझ्याकडे. आमच्या दोघींनाच ठाऊक होतं ती काय ऐकायचा प्रयत्न करते आहे.

आणि त्याच दिवशी सासूबाईंची धाकटी बहीण मुंबईहून आली. चार बोचकी, दोन मुलं, आणि मागे घराला कुलूप. स्टेशनात त्यांना थांबवून अंग चाचपून मग सोडलं होतं, त्याच्या रागाने त्या आल्या आल्या आंघोळ करून बसल्या. मुलीला ताप आहे म्हणताच मात्र त्या ताडकन उठल्या. आत आल्या, पांघरूण बाजूला केलं आणि आधी तिच्या जांघा चाचपल्या, मग काखा. कपाळाला हात लावलाच नाही. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"गाठ नाही," मावससासूबाई म्हणाल्या. "अजून नाही."

मुंबईत काय चाललंय ते आम्ही ऐकून होतो. गाठीचा ताप. पण ते तिकडे, बंदरावर, दाटीत. कल्याणला आपलं काय, असंच सगळे धरून होते. मावससासूबाई हळू आवाजात सांगू लागल्या. आधी माणूस पडत नाही, त्या म्हणाल्या. आधी उंदीर पडतात. त्यांच्या चाळीत आधी जिन्याखाली पडले, लोकांनी केरात फेकले. मग ज्या खोल्यांत पडले त्या खोल्यांतली माणसं गेली. उंदीर दिसताच जे उठून मोकळ्या रानात गेले ते बहुतेक वाचले.

"तुमच्याकडे नाही ना पडले, अक्का? भाताचं घर तुमचं."

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "उलट कमीच झालेत. सूनबाई पिंजऱ्याचं बघते ना. हल्ली तर पिंजरेही रिकामेच असतात."

मी पाय चेपत होते. हात थांबले.

आत्ता हसू येतं, तेव्हा आलं नाही. त्या घरात उंदीर मरत होते आणि सबंध घरात एकही मेलेला उंदीर कुणाला दिसला नव्हता, कारण ते सगळे वेचून मी एका घुबडाला भरवले होते. त्या घराला वेळेवर कळायला हवी होती ती एकच गोष्ट मी रोज पहाटे झाडून स्वच्छ करत होते. आणि हे सांगायचं म्हणजे घुबड सांगायचं. घुबड सांगायचं म्हणजे नाव सांगायचं. नवी सून घुबड पाळते आणि घरची पोर आजारी पडते. माहेरी रवानगी ही त्यातली सगळ्यांत सौम्य शिक्षा. मी नणंदेकडे पाहिलं. तिचे ओठ वाळले होते. गाठ अजून नव्हती.

"सासूबाई," मी म्हटलं, "उंदीर पडलेत. रोज पडतात. मी उचलले."

"कशाला?"

"घुबडाला घालायला."

मग मी धरून होते त्याच्या उलटं झालं. रोगाचं, उंदरांचं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "त्याच्यापुढे कुणाचं नाव घेतलंस का?"

मी मान खाली घातली. अंथरुणातून बारीक आवाज आला, "माझं."

मावससासूबाईंनी मामंजींना हाक मारली. त्यांनी कोठारात जाऊन मागचा बोळ पाहिला, कणगीत डोकावले आणि बाहेर येऊन गाड्या जुंपायला सांगितल्या. डोंबिवलीला आमची खाचरं होती. डोंबिवली म्हणजे तेव्हा चार घरं, बाकी कापलेलं भात आणि गवत. तिथे झोपड्या बांधून राहायचं ठरलं, त्याच दिवशी, भात आहे तसं टाकून. आमचे हे माझ्या अंगावरून गेले ते न बघता. लोकांसमोर ते माझ्याकडे कधीच बघत नसत, पण त्या दिवशी मला ते जास्त लागलं.

राहिलं घुबड. मारायचं नाही, घरात ठेवायचं नाही. सासूबाईंनी मार्ग काढला. त्याला खाडीकाठी सोडायचं. ते पाणी ओलांडून पलीकडे गेलं पाहिजे. गेलं की नावही पलीकडे जातं, पोरीला सोडून. इकडे राहिलं तर मात्र...

"आणि उडता नाही आलं तर?" मी विचारलं.

"ते तुला ठाऊक. बांधलंयस तू."

गाडीत नणंद घोंगडीखाली, आणि मागच्या गाडीत मी, मांडीवर पाटी, पाटीवर तरट, तरटाखाली ते. रस्ताभर फुसफुसत होतं. बैल बुजत होते. मी मनात त्या पंखाचं एकेक पीस मोजत होते. पट्टी सुटून किती थोडे दिवस झाले होते. भिंतीपर्यंतसुद्धा ते कधी उडालं नव्हतं. बगळ्याची आठवण येत होती. तोही पाय बांधल्यावर छान दिसत होता.

खाडीकाठी गाड्या थांबल्या तेव्हा सूर्य खाली गेला होता. भरती नव्हती. मधे चिखल, चिखलापलीकडे पाण्याची राखाडी पट्टी, तिच्यापलीकडे तिवरांची काळी रांग. सासूबाईंनी नणंदेला उठवून बसवलं. तिने बघितलं पाहिजे म्हणाल्या. मी बांधावर पाटी ठेवली आणि तरट ओढलं.

ते बसूनच राहिलं. मग पाटीच्या काठावर चढलं आणि उडी मारली तसं चिखलात पडलं, छातीवर. मागे गाडीत कुणीतरी श्वास आत ओढला. उजवा पंख डाव्यापेक्षा उशिरा उघडत होता. दोनदा ते असंच पडलं. पांढरा चेहरा चिखलाने माखला. घराकडे परतणारे कावळे वरून गेले, त्यांतले काही वळले.

तिसऱ्यांदा ते उठलं. चिखलाला जवळजवळ चाटत गेलं, मग वर चढलं. आवाज अजिबात नव्हता. कावळ्यांच्या पंखांचा होतो, कबुतरांचा होतो. ह्याचा नाही. एवढं मोठं पांढरं काही हवेतून जातं आहे आणि कानाला काहीच कळत नाही. पाण्यावर गेलं. मी हात जोडले. अर्ध्या पाण्यावर ते वाकडं झालं, एका पंखावर कललं, वळलं आणि परत आलं. आमच्या डोक्यांवरून, गाडीवरून, नणंदेवरून गेलं आणि आम्ही आलो होतो त्या वाटेने, कल्याणकडे.

सासूबाईंनी पदर पोरीच्या तोंडावर टाकला. उशीर झाला होता. पदराखालून ती म्हणाली, "घरी गेलं."

आम्ही झोपडीत राहायला लागलो. मावससासूबाई सकाळ-संध्याकाळ पोरीच्या काखा चाचपत. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, तिला नावाने हाक मारायची नाही, कुणीही, कधीही. ते नाव आता तिचं नाही. अगं, ए, बाय, काय वाटेल ते म्हणा. ताप उतरला तेव्हा कुणी आनंद केला नाही, आणि परत चढला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मग मावससासूबाईंच्याच लक्षात आलं की तो एक दिवसाआड येतो. हिवताप होता. दरसाल आळीत निम्म्या घरांत येणारा, काढा पिऊन जाणारा. मी इतका कडू काढा उकळला की पोर तापापेक्षा त्याला भ्याली. उंदरांना हात लावणाऱ्या आम्ही दोघी धडधाकट राहिलो. तसं का झालं, मला विचारू नका.

कल्याणहून मात्र बातम्या येत राहिल्या. आमच्या आळीच्या. डावीकडचं घर, मग समोरचं. पेंढ्याच्या उडवीपलीकडे राहणारी माझ्याच वयाची एक सून होती, मी खराट्याने कावळे हाकले तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली होती. ती गेली.

परतलो ते पुष्कळ महिन्यांनी. ऊन आत जावं म्हणून घरांवरची कौलं काढलेली, भिंती चुन्याने पांढऱ्या. कोठाराचं दार उघडायला मामंजी पुढे झाले, मागे आम्ही. आत तो वास नव्हता. भात जवळजवळ जसं टाकलं होतं तसं होतं, कणग्या कुरतडलेल्या नव्हत्या. मधल्या आढ्याखाली जमिनीवर काळ्या गोळ्यांचा ढीग होता, केसांचा आणि हाडांचा, माझ्या गुडघ्याला लागेल एवढा. आढ्यावर काही नव्हतं. सासूबाई त्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यात दुधाची वाटी ठेवली. स्वतः ठेवली. ह्या खेपेला मी ती प्याले नाही.

नणंदेचं लग्न ठरवताना त्यांनी मुलाकडच्यांना एकच गोष्ट आवर्जून विचारली, मुलीचं नाव बदलता ना? बदलत होते. नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा सासूबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. लोकांना वाटलं, लेक जाते म्हणून.

परवा ती ठाण्याला माझ्याकडे आली होती. आता दात पुन्हा पडलेत, ह्या वेळी माझेही. नातवंडांना हाकलून लावून ओसरीवर बसलो. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, "वहिनी, पाळण्यातलं माझं नाव ठाऊक असलेलं माणूस आता तू एकटीच उरलीस."

"बरं मग?"

"एकदा हाक मार की. तू गेलीस की संपलं ते."

"मीच आधी जाणार हे तू ठरवूनच आलीस वाटतं."

"वयाने तूच मोठी आहेस. मार ना."

आम्ही म्हाताऱ्या. ऐन दुपार. विजेचे दिवे आलेत गावात, आगगाड्या दिवसरात्र धावतात, घुबडं कुठे उरलीत? हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडही उघडलं. पहिलं अक्षर जिभेवर आलं होतं.

पण आधी मी वर आढ्याकडे पाहिलं. मी पाहिलं म्हणून तिनेही पाहिलं, आणि तिचा चेहरा पुन्हा त्या पोत्यांवरच्या पोरीचा झाला.

"अगं," मी म्हटलं, "चहा टाकू का?"

"टाक," ती म्हणाली.